लेनियरवर ऑक्टोबरमधली बास फिशिंग
अरे, अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या लेक लेनियरला (तलाव) ऑक्टोबरात बास (शिकारी मासा) गळाला लागत नाही म्हणतोस, पण तू अजून उन्हाळ्यातल्याच जागा धरून बसलायस ना! पाणी 70 फॅरनहाइटच्या खाली यायला लागलं की शॅडच्या (बास खातात ते छोटे मासे) झुंडी क्रीकच्या, म्हणजे तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या, आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे, म्हणून आधी शॅड शोध. फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) नसेल तरी सीगल घिरट्या घालतायत किंवा पाणी उकळल्यासारखं दिसतंय का बघ, म्हणजे तिथे बास शॅडवर तुटून पडलेत. फक्त बोट घेऊन थेट त्यात घुसू नकोस, मी पहिल्या वर्षी तेच केलं, दोन मिनिटांत सगळं सामसूम. लांबूनच गळ फेक (कास्ट मार). ल्युअर (खोटं आमिष) शॅडएवढंच हवं, 2-3 इंच, चंदेरी नाहीतर पांढरं, भलं मोठं नको. आणि वरची खळबळ थांबली की लगेच निघू नकोस, जिगिंग स्पून (खाली सोडून वरखाली हलवायचं धातूचं जड आमिष) खाली सोड, जखमी शॅड बुडतात ना, त्यांच्यावर टपलेले मासे असतात खाली, बरेचदा मोठे तिथेच. मासेमारीचं लायसन्स काढलंयस ना? जॉर्जियात 16 वर्षं पूर्ण झाली की लागतं.