चेन सारखी ढिली होते. दोन कड्या काढून घेऊ, नुसती चेन टाकू की पूर्ण किट? १५० सीसीच्या गाडीला ओ-रिंग चेन घ्यावी का?

कड्या काढून घेऊ नका. माझा थोरला भाऊ आजही कड्या काढायचाच सल्ला सगळ्यांना देतो आणि आमचं त्यावरून वाजतं, म्हणून आधी त्याचंच लिहितो.

चेनच्या पट्ट्या ताणून लांब होत नाहीत. आतली पिन आणि तिच्यावरचं बुश (बारीक नळी) झिजतं, त्यामुळे दोन पिनांमधलं अंतर वाढत जातं. ४२८ नंबरच्या नव्या चेनमध्ये पहिल्या पिनच्या मध्यापासून २१व्या पिनच्या मध्यापर्यंत २५४ मिमी भरतात. चेन ओढून धरून मोजा, दोन-तीन ठिकाणी मोजा. कुठेही २५९च्या पुढे गेली तर ती चेन संपली.

कड्या काढल्या की एकूण लांबी घटते, पण उरलेली प्रत्येक कडी तेवढीच झिजलेली राहते. रोलर स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाच्या) दातांच्या खाचेत नीट न बसता वर चढतो आणि दात हुकासारखे एका बाजूला वळतात. आतली-बाहेरची अशी जोडी निघाली की २५.४ मिमी जातात, मागचं चाक त्याच्या निम्मं पुढे येतं. चाक मागे-पुढे सरकवणारा अ‍ॅडजस्टर पुन्हा पहिल्या खुणांवर दिसतो आणि मालकाला वाटतं, चेनमध्ये अजून जीव आहे. अशी चेन वेगात उतरली आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली तर इंजिनचं केसिंग फुटू शकतं. मागचं चाक जाम झालं तर तुम्हीही पडाल.

नुसती चेन टाकणं हीसुद्धा खोटी बचत. वाकलेले दात नवी चेन लवकर खातात. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे पूर्ण किट, एकदमच बदला.

गाडीचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाहीत, त्यामुळे जुन्या चेनच्या पट्टीवरचा नंबर वाचा. पहिला आकडा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, सांगतो: ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे ५/८ इंच. ४२० आणि ४२८चा पिच एकच, पण ४२० अरुंद असते, ४२८च्या स्प्रॉकेटवर बसत नाही. ४२८एच चालते, तिच्या पट्ट्या जाड असतात. नवी चेन जुनीशेजारी ठेवून लांबी जुळवू नका, कड्या मोजा. रोलॉन किंवा डायमंड कंपनीची घ्या, पण ओळखीच्या दुकानातून आणि बिलासकट.

चेन उघडी असेल आणि पावसाचिखलात गाडी चालत असेल तर ओ-रिंगचे जास्तीचे पैसे वसूल होतात, कारण पिनजवळचं ग्रीस रबरी रिंगा धरून ठेवतात. मात्र ती पेट्रोलने किंवा तारेच्या ब्रशने साफ करू नका, रिंगा जातात. रॉकेल आणि मऊ ब्रश वापरा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल. पूर्ण बंद चेन कव्हर असेल तर साधी चेन पुरते. शिवाय ओ-रिंग चेन थोडी रुंद असते, कव्हरला घासत नाही ना ते आधी बघा.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. ढिलाई मॅन्युअलप्रमाणे ठेवा, बहुतेक १५० सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी. भाऊ ती तारेसारखी ताठ ठेवतो. त्याने गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग जातं, आणि ते चेन किटपेक्षा महाग पडतं.