स्प्रिंगफील्डचा तोतया मुख्याध्यापक

प्रश्न : चवथीला आमच्या घरी जमलेल्या भाचेमंडळींत ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या एका जुन्या भागावरून असा वाद पेटला की आरतीसाठी त्यांना पुन्हा पुन्हा हाका माराव्या लागल्या. शाळेचे मुख्याध्यापक स्किनर हे मुळात स्किनर नव्हेतच, असे त्यात दाखवले आहे म्हणे. एका भाच्याच्या मते त्या भागाने मालिकेचा घात केला, तर दुसऱ्याच्या मते तो उत्कृष्ट आहे. एका कार्टूनवर लोक इतकी वर्षे का चिडून आहेत? आणि तो भाग पाहावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : हा भाग २८ सप्टेंबर १९९७ रोजी प्रक्षेपित झाला. मुख्याध्यापकपदाच्या वीस वर्षांनिमित्त सत्कार चालू असताना खरा सीमोर स्किनर दारात येऊन उभा राहतो, आणि प्रेक्षक ज्यांना आठ वर्षे स्किनर म्हणून ओळखत होते ते आर्मिन टॅमझेरियन नावाचे, व्हिएतनाम युद्धात त्याच्या हाताखाली लढलेले सैनिक निघतात. त्याच्या मृत्यूची बातमी त्याच्या आईला सांगायला ते गेले होते. परंतु आईने त्यांनाच मुलगा मानले आणि त्यांच्याने खरे काही बोलवले नाही.

चिडणाऱ्यांचे म्हणणे पोरकट नाही. खुद्द स्किनरांना आवाज देणारे हॅरी शिअरर यांनीच, प्रेक्षकांनी इतकी वर्षे जपलेले पात्र तुम्ही विनाकारण मोडीत काढत आहात, अशी हरकत घेतली होती. मालिकेचे जनक मॅट ग्रेनिंग यांनाही हा भाग फारसा आवडत नाही. आईच्या धाकात वाढलेला, शिस्तीचा भोक्ता, आतून एकाकी असा हा माणूस प्रेक्षकांनी प्रसंगाप्रसंगातून ओळखीचा करून घेतला होता. त्याचे सारे बालपण अवघ्या बावीसेक मिनिटांत उसने ठरले, आणि तेही आधीच्या भागांत कसलीच चाहूल न देता. आपल्याकडे देवळाच्या उत्सवी नाटकात यंदा संभाजी कोणी वेगळा उभा राहिला, तर गाव ते चालवून घेतो; परंतु गेल्या वर्षीचा संभाजी संभाजीच नव्हता असे कोणी रंगमंचावरून सांगू लागला, तर प्रेक्षक त्याला बोलू देणार नाहीत.

तरीही माझा कौल दुसऱ्या भाच्याकडे थोडा अधिक झुकतो. लेखक केन कीलर यांनी कथाबीज घेतले ते इंग्लंडच्या टिचबोर्न खटल्यावरून. १८५४ मध्ये समुद्रात नाहीसा झालेला एका श्रीमंत घराण्याचा वारस आपणच, असे सांगत ऑस्ट्रेलियातून एक मनुष्य आला, आणि मुलाच्या मृत्यूवर कधीच विश्वास न ठेवलेल्या आईने त्याला आपला म्हटले. न्यायालयाने मात्र १८७४ मध्ये त्याला चौदा वर्षांची शिक्षा सुनावली. मराठी वाचकाला येथे पानिपतानंतरचा भाऊसाहेबांचा तोतया आठवल्यावाचून राहणार नाही; १७७६ मध्ये त्याने कोकणात माजवलेली धामधूम सदाशिवराव परत यावेत या लोकांच्या इच्छेवरच पोसली होती. स्प्रिंगफील्डमध्ये, म्हणजे मालिकेतल्या गावात, घडते ते याच्या उलट. तेथे खरा मनुष्य पुराव्यासह हजर आहे, आणि तोच कोणाला नको आहे. तो आईचा धाक मानत नाही, म्हणून त्याची आई ॲग्नेसबाई गावकऱ्यांसह शहरात जाऊन, गाव सोडून तेथे गेलेल्या आपल्या आज्ञाधारक तोतयाला गाडीत घालून परत आणतात. मला हा प्रसंग संपूर्ण भागात सर्वांत निर्दय आणि सर्वांत खरा वाटतो. शेवटी खऱ्या स्किनरला खुर्चीला बांधून आगगाडीने गावाबाहेर धाडतात, आणि जो कोणी याविषयी पुन्हा बोलेल त्याचा छळ केला जाईल, असा हुकूम न्यायाधीश काढतात. सारे काही होते तसेच राहावे असा हट्ट धरणाऱ्या गावाचे हे चित्र आहे, आणि त्या गावात चाहतेही आले. भाग संपताच त्यांनी नेमका तोच हट्ट धरला. मालिकेनेही पुढे त्यांचेच ऐकले. २००४ च्या एका भागात त्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी लिसा स्किनरांना हळूच ‘टॅमझेरियन’ म्हणते, तेव्हा ते मुकाट्याने काढता पाय घेतात.

तेव्हा भाग अवश्य पाहावा, परंतु सुरुवात त्याने करू नये. एप्रिल १९९४ मधला मालिकेचा शंभरावा भाग आधी पाहावा. त्यात नोकरी गेलेले स्किनर आणि त्यांचा उनाड विद्यार्थी बार्ट यांची मैत्री जुळते. त्या स्किनरांचा एकदा लळा लागला की पहिल्या भाच्याचा संताप आपल्याला समजावून सांगावा लागणार नाही.