पणजीची शिवणाची वही

चि. ईरास,

परवा पणजीची शिवणाची वही चाळताना तू विचारलंस, "पणजीचं तर लग्न झालं होतं ना? मग ती शाळेत कशी जायची?" मी ऑफिसला निघायच्या घाईत होते, पण प्रश्न दिवसभर डोक्यात राहिला.

पणजी जायची पुण्याच्या सेवासदनात. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली ही संस्था आपल्या वाड्यातच सुरू केली. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या मदतीला होते. शिकायचं वय निघून गेलं असं घरचे जिला म्हणत, तिच्यासाठीच ती होती: लग्न झालेल्या, विधवा, टाकलेल्या बायका.

रमाबाईंचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, अगदी तुझ्याएवढ्या. लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या नवऱ्यानं, न्यायमूर्ती रानड्यांनी, त्यांना शिकवायला घेतलं आणि घरातल्या मोठ्या बायका बिथरल्या. टोमणे, अबोला, सगळं त्यांनी सोसलं. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, त्यातही रमाबाई रानडे होत्या. बायकांनी जमून शिकायचं, चारचौघांत बोलायचं, हे त्यांनी तिथे अनुभवलं.

१९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्या काळी विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नसत. (अजूनही कुठे कुठे बोलावत नाहीत, आणि मला ते फार लागतं.) रमाबाई मात्र येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जात. सेवासदनातल्या मुलींना त्यांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला पाठवलं. चांगल्या घरच्या बाईनं परक्या माणसाची जखम धुवायची, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती. पण त्यातूनच कितीतरी विधवा स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. बायकांना मत देता यावं म्हणूनही रमाबाई झटल्या, आणि १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात काही बायकांना तो हक्क मिळालाही.

पणजी दुपारची जायची. सकाळचा स्वयंपाक, धुणं आटोपून, पिशवीत ही वही घालून. धावदोरा, हेमची शिलाई, रफू, बाहुलीच्या मापाचं झबलं, एकेका पानावर एकेक नमुना टाचलेला. झबल्याची बाही तू बोटात घालून पाहिलीस ना, ती तिनं दोनदा उसवून शिवली होती. सुईची भोकं अजून दिसतात.

शेवटच्या पानावरचं काज अर्धंच राहिलंय. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. काजाचा टाका मात्र तिनंच मला शिकवलाय. रविवारी सुईदोरा घेऊन बसू.

तुझी,
आई