जड अणू असूनही पीळ का नाही?

प्रश्न : क्रोमियम आयोडाइडचा एकच थर चुंबक असतो, असं वाचलं. जड अणूंमुळे शेजारच्या स्पिनना (अणूंमधल्या इलेक्ट्रॉनच्या इवल्याशा चुंबकांना) उजवा किंवा डावा पीळ पडतो, म्हणजे ते एकमेकांशी किंचित तिरके होतात, असंही वाचलं. आयोडीन तर चांगलंच जड. मग या थरातले स्पिन सरळ उभे कसे?
– एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नेमकं हेच मी एकदा वर्गात ठोकून दिलं होतं, ‘आयोडीन जड, म्हणजे पीळ आलाच.’ मागच्या बाकावरून शंका आली. त्या रात्री आलेखाच्या कागदावर या थरातल्या अणूंची जाळी काढून बसलो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर माघार घेतली.

गेरूला रंग देणाऱ्या हेमॅटाइटमधले स्पिन एकमेकांना पुरते खोडून काढायला हवेत, तरी त्यात किंचित चुंबकत्व उरतं. कारण तुम्ही म्हणता तोच पीळ. तो का पडतो, हे झ्यालोशिन्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये स्फटिकाच्या सममितीवरून सांगितलं. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची कक्षीय गती यांची सांगड हे त्याचं मूळ, हे मोरिया या भौतिकशास्त्रज्ञाने १९६० मध्ये दाखवलं. ही सांगड जड अणूत बळकट असते. तुमचं तेवढं बरोबर.

पण नुसतं वजन पुरत नाही. क्रोमियमच्या लगतच्या दोन अणूंमध्ये आयोडीनचे दोन पूल आहेत, एक वरून आणि एक खालून. या जोडीच्या मध्यबिंदूतून सगळं उलटवा, म्हणजे प्रत्येक अणू मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे तेवढ्याच अंतरावर न्या. वरचा पूल खालच्याच्या जागी जातो, क्रोमियम एकमेकांच्या जागी जातात, रचना जशीच्या तशी. स्पिनचा उजवा पीळ मात्र डावा होतो. म्हणजे दोन्ही पिळांना ऊर्जा सारखीच लागते, मग कोणता निवडायचा? लगतच्या जोडीपुरता हा परिणाम शून्य.

पीळ हवा तर वरची आणि खालची बाजू वेगळी करा. टंगस्टनवर मँगनीजचा एकच थर बसवला की खाली जड धातू आणि वर निर्वात पोकळी. हाम्बुर्गच्या संशोधकांना २००७ मध्ये त्यात लगतचे स्पिन १८०ऐवजी सुमारे १७३ अंशांवर दिसले. वळण सगळीकडे एकाच बाजूला! आयोडाइडच्या थरातही एका बाजूला आयोडीनऐवजी ब्रोमीन बसवलं तर पीळ यावा, असं गणितं सांगतात.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. त्याच जाळीत एक क्रोमियम सोडून पुढच्याशी जोडी लावा आणि तिचा मध्यबिंदू तपासा. तिथे ही सममिती सापडणार नाही. २०१८ मध्ये याच स्फटिकावर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा स्पिन-लहरींच्या (स्पिनच्या डोलण्याने स्फटिकभर पसरणाऱ्या लहरींच्या) ऊर्जेत सुमारे ४ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टची फट, म्हणजे लहरीच नाहीत असा पट्टा, दिसली. तिचं कारण म्हणून संशोधकांनी याच दूरच्या जोडीकडे बोट दाखवलं होतं.