एमटीसीओ१ चा बँड ५७ ला येत नाही? आधी ड्राय बाथ बंद करा

वेस्टर्न ब्लॉटवर (जेलमधे प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळी करून, मेंब्रेनवर घेऊन अँटीबॉडीने शोधायची पद्धत) एमटीसीओ१, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनसाखळीतल्या चौथ्या कॉम्प्लेक्समधलं प्रोटीन, शोधताना तुमच्या दोन तक्रारी आहेत. ५७ किलोडाल्टनला काहीच दिसत नाही, आणि पहिल्या ब्लॉटला ४० च्या जरा खाली जे दिसलं होतं ते दुसऱ्यात गायब होऊन वेलच्या (जेलमधला सॅम्पल भरायचा खड्डा) तोंडाशी नुसता फराटा आलाय. म्हणून अँटीबॉडी खराब असं ठरवून मोकळे होऊ नका, मला तरी दोन्हीत तिचा दोष वाटत नाही.

४० च्या आसपासचा तो बँडच एमटीसीओ१ आहे. ५७ हा आकडा ५१३ अमिनो आम्लांचा हिशोब करून काढलेला, पण हे प्रोटीन म्हणजे आतल्या पडद्यातून आरपार जाणाऱ्या १२ हेलिक्स, इतकं तेलकट की एसडीएस (प्रोटीनला चिकटून जेलमधे पळायला विद्युतभार देणारा साबण) जास्त चिकटतं आणि ते जेलमधे वजनाच्या मानाने पुढे पळतं. कुठे कापलं गेलंय असंही समजू नका, हे मायटोकॉन्ड्रियाच्या आतच बनतं, बाहेरून येताना कापायचा सिग्नल त्याला नसतोच.

आता फराटा. सॅम्पल ९५ ला उकळलंत ना? मी पण हे पाप केलंय. सलग तीन ब्लॉट कोरे, कंपनीला तावातावाने मेल, नवीन वायल आली तीही कोरी, शेवटी शेजारच्या लॅबमधल्या ताईने माझी ट्यूब उजेडात धरली आणि म्हणाली, "उकळलंस? बटाटे आहेत का हे?" आमचा ड्राय बाथ (ट्यूब तापवायचं यंत्र) कायम ९५ वर, त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. उकळलं की या प्रोटीनचे गोळे होतात आणि ते जेलमधे शिरतच नाहीत. लोडिंग बफर घालून ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवा, बास.

कंट्रोलचं मात्र नीट बघा. हे जीन मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवर आहे, त्यामुळे नेहमीसारखा क्रिस्परने नॉकआउट करून दाखवा म्हणणारा रिव्ह्यूअर भेटला तर शांतपणे समजवा की गाइड आरएनए (क्रिस्परला कापायची जागा दाखवणारा) आत न्यायचीच मारामार आहे. त्याऐवजी ऱ्हो-झिरो पेशी घ्या, म्हणजे इथिडियम ब्रोमाइडवर वाढवून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए घालवलेल्या, त्यांना मिडियात युरिडिन आणि पायरुव्हेट लागतं नाहीतर मरतात. नसतील मिळत तर २-३ दिवस क्लोरॅम्फेनिकॉल (मायटोकॉन्ड्रियातलं ट्रान्सलेशन, म्हणजे प्रोटीन बनणं, अडवणारं अँटीबायोटिक) द्या, एमटीसीओ१ खाली जाईल आणि न्यूक्लियसमधल्या जीनवरून बनणारं मायटोकॉन्ड्रियाचं दुसरं प्रोटीन एसडीएचए, ७० च्या आसपास, जागेवर राहील. एकाच मेंब्रेनवर हे दोन्ही दाखवलं की कुणी वाद घालत नाही. (डॉक्सिसायक्लिनवाली टेट सिस्टिम, म्हणजे हे औषध देऊन जीन चालू-बंद करायची पद्धत, वापरत असाल तर सावध, डॉक्सी पण मायटोकॉन्ड्रियाचं ट्रान्सलेशन अडवतं, निम्म्या लोकांना आपलं जीन काम करतंय असं उगाच वाटतं.)

लोडिंग कंट्रोल (सगळीकडे सॅम्पल सारखंच भरलंय हे दाखवणारं प्रोटीन) म्हणून कॉक्स-फोर लावू नका, सगळे लावतात म्हणून लावतात. ते त्याच कॉम्प्लेक्समधलं, एक पडलं की दुसरंही पडतं. शिवाय १७ किलोडाल्टनचं, ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या मेंब्रेनमधून आरपार जातं. व्हीडीएसी (मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यातलं प्रोटीन) नाहीतर एसडीएचए घ्या.

नवीन वायल घ्यायचीच असेल तर क्लोन नंबर (अँटीबॉडी कुठल्या पेशीवंशातून आली त्याची ओळख) बघा. १डी६ई१ए८ हा एकच माउस क्लोन वेगवेगळ्या कंपन्या आपापल्या लेबलखाली विकतात, दुसरी कंपनी म्हणून तीच वस्तू परत घेऊन बसाल.

आणि उद्या परत लावाल तेव्हा ती उकळलेली ट्यूब काढू नका, झालेले गोळे ३७ ला ठेवून सुटत नाहीत. -८० मधे बफर न घातलेलं, वेगळं काढून ठेवलेलं अ‍ॅलिक्वॉट असेल ते घ्या, नसेल तर पेशींपासून सुरुवात.