आजीच्या राणीछाप रुपयाची ग्रेड कशी ठरवायची?

प्रश्न : आमच्या देवघरात आजीच्या वेळचे तीन राणीछाप रुपये आहेत, तिन्हींवर १८६२ साल. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आम्ही ते चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करतो. ओळखीचे एकजण म्हणाले, एवढे चमकतायत म्हणजे अनसर्क्युलेटेड (चलनात न वापरलेले) ग्रेडचे आहेत. सराफ म्हणतो चांदीचा भाव मिळेल फक्त. कोणाचं खरं? (एक वाचक, कऱ्हाड)

उत्तर : तुमच्या रुपयांपुरतं सराफाचं म्हणणं जास्त जवळचं आहे, वाईट वाटतंय सांगताना पण तसंच आहे. १८६२ साल बघून हुरळून जाऊ नका, कारण हेच साल पुढे १८७४ पर्यंत टाकसाळीत तसंच ठेवलं होतं, त्यामुळे हा रुपया भरपूर सापडतो, आणि जे भरपूर सापडतं त्याची सगळी किंमत कंडिशनमध्ये असते.

आता तुम्हीच बघा. नाणं कडेने धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका, खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच दिव्याखाली हळूहळू कलतं करा. टाकसाळीतून निघालेल्या नाण्यावर ठसा बसताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेघा राहतात, त्यांच्यावरून प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, ह्यालाच लस्टर म्हणतात. घासलेलं नाणं आरशासारखं किंवा स्टीलच्या वाटीसारखं चमकतं, पण तो पट्टा फिरत नाही! आणि दहापट लूप (नाणी बघायचं छोटं भिंग) लावलात की सगळीकडे केसासारखे ओरखडे दिसतील, ती रांगोळी. चिंचेच्या आंबटपणाने वरचा काळपट थर गेला आणि रांगोळीच्या दगडाच्या भुकटीने खालची चांदी खरवडली. गेलेलं लस्टर कुठल्याही उपायाने परत येत नाही.

मग झीज बघा. झीज आधी उंच भागावर होते, म्हणजे राणीचे कपाळावरचे केस, मुकुट, आणि खांद्यावरच्या कपड्याची नक्षी. केसांच्या बटा एकजीव होऊन गुळगुळीत झाल्यात पण अक्षरं नीट वाचता येतायत तर फाइन समजा, बटा बऱ्यापैकी सुट्या दिसतात आणि नक्षी भरपूर शिल्लक आहे तर व्हेरी फाइन, फक्त अगदी टोकाला घासलंय तर एक्स्ट्रा फाइन. एक गल्लत मात्र नेहमी होते, कधीकधी ठसाच हलका बसलेला असतो, तेव्हा केस सपाट दिसतात पण त्या सपाट जागेवरही लस्टर असतं, तर झिजलेल्या जागेचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा, मंद असतो. वजनही करून बघा, नवा असताना हा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक जुना तोळा.

ग्रेडिंग कंपन्या १ ते ७० असा आकडा देतात, ६० पासून पुढे अनसर्क्युलेटेड. घासलेल्या नाण्याला मात्र आकडा न देता ‘डिटेल्स’ असा शेरा लिहितात, म्हणजे नाणं खरं पण त्यात असा दोष आहे.

कृपा करून ह्या दिवाळीपासून चिंच-रांगोळी थांबवा. हळदकुंकू चिकटलं असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. पूजेत ठेवायला काहीच हरकत नाही, फक्त कोरडे ठेवा आणि अभिषेकाला नवीन चांदीचं नाणं घ्या. आजीचा हात लागलेले रुपये आहेत, कंडिशन काही असो, विकू नका असंच मी म्हणेन.

प्रश्न : पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया आहे, माळेत ओवायला कडी लावलेली होती ती सोनाराकडून काढून घेतली. ग्रेड वाढेल का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : नाही वाढणार. कडी जोडताना डाख (सोल्डर) दिल्याची खूण कडेवर राहतेच, तिथे रंग बदललेला दिसेल, हेही डिटेल्समध्येच जातं. तरी तुमचं नाणं लक्ष देऊन बघण्यासारखं आहे. राजाच्या अंगरख्यावर छोटा हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान समाज दुखावला गेला, नाणी परत घेतली आणि १९१२ पासून सोंड सुधारली. तुमच्या रुपयावर तो हत्ती लूपमधून स्पष्ट दिसतोय का बघा, आणि दिसत असेल तर कडीचा डाग असूनही घेणारा भेटेल.