निवड झाली तर?

दिवाळी अंकांच्या लेखनस्पर्धांची आवाहनं फिरू लागली की माझ्याकडे एक ठरावीक प्रश्न येतो. ‘लेख लिहिलाय, सगळं खरं आहे, आमच्या घरातलंच आहे. पाठवू का?’ आणि पाठोपाठ, ‘पण निवड नाही झाली तर?’

या दुसऱ्या वाक्यावर मी आता फारसा विश्वास ठेवत नाही. का, ते एका उदाहरणावरून सांगते. त्या बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एरंडोलकडच्या जिल्हा परिषद शाळेत त्या शिक्षिका. वय पन्नाशीला टेकलेलं, घरी कपाशी, मुलगी लग्नाची. एका वाङ्मयीन मासिकाने सत्य अनुभवावरच्या ललित लेखांची स्पर्धा ठेवली होती. लेख वहीत पूर्ण होता, मुदत जवळ आली होती आणि यांची झोप उडाली होती. माझी भाषा शुद्ध नाही, मध्येच अहिराणी येते. परीक्षक हसतील. परत आला तर शाळेत कळेल. एकामागून एक शंका निघत होत्या.

मी त्या फार लांबू दिल्या नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तक होऊन आली ती घरच्या बोलीतच. जळगाव जिल्ह्यात राहून बोलीची लाज किती बाळगायची? आणि लेख परत आला तर शाळेत दवंडी कोण पिटणार? पटलं त्यांना, पण चेहरा सुटला नाही. म्हणून विचारलं, “समजा, पहिला नंबर आला. छापून आला. मग?”

बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

“मग तर संपलंच, मॅडम.”

खरी भीती ही होती. लेख नवऱ्याच्या दारूच्या वर्षांवर होता. आता त्यांना दारू सोडून पुष्कळ वर्षं झाली आहेत, गावात मान आहे, सोयरिकी जुळवायला लोक त्यांना बोलावतात. लेखात सगळ्यात जिवंत उतरला होता तो मोटारसायकलचा आवाज. रात्री खाटेवर पडून त्या तो ऐकायच्या. गाडी थेट अंगणात येऊन थांबली तर बेताची झालीय. गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणली तर जास्त. मग पोरीला उचलून आतल्या खोलीत न्यायचं आणि जेवण झाकून ठेवायचं. मी अशा घरांच्या खूप कहाण्या ऐकते, पण गाडी बंद कुठे होते यावरून रात्र ओळखणारी बाई मला आधी भेटली नव्हती.

लिहून झाल्यावर दोन-तीन दिवस रडायला येत होतं, याचीही त्यांना धास्ती होती. ‘लिहून मोकळं वाटतं म्हणतात, मला तर जड झालं.’ यात वावगं काही नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं होतं. मनाला लागलेल्या घटनांवर लिहिणाऱ्यांना लिहून उठल्या उठल्या वाईटच वाटत होतं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही कागदावर आणल्या, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी भरल्या. तेव्हा जड वाटलं म्हणून लेख वाईट ठरत नाही, की बाईही खचत नाही. मात्र प्रयोगातलं ते लिखाण छापण्यासाठी नव्हतं. स्वतःसाठी लिहिणं आणि स्पर्धेला पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक पहिलीचं बळ दुसरीलाही पुरेल असं धरून चालतात.

पुढच्या भेटीत आम्ही वही उघडून बसलो. परिच्छेदागणिक मी एकच विचारत होते: हे तुमचं आहे की दुसऱ्याचं? गाडीचा आवाज त्यांचा. झाकलेलं ताट त्यांचं. एका परिच्छेदात मात्र नवरा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बैठकांना जायचा तेव्हा तिथे दुसऱ्या एकाने बोललेलं होतं, नवऱ्याने घरी सांगितलेलं. परिच्छेद सुरेख होता. पण त्या संघटनेचा पायाच अनामिकतेवर आहे, तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं असतं. तो त्यांनी स्वतःहून खोडला. हळहळल्या, पण खोडला.

मग नवऱ्याला दाखवायचं की नाही? हा सल्ला मी सरसकट देत नाही. ज्या घरात अजून पिणं किंवा हात उगारणं चालू आहे, तिथे वही सुरक्षित जागी ठेवा, असंच सांगेन. तिथे आधी बाई सुरक्षित, लेख नंतर. इथे तशी स्थिती नव्हती. एका रविवारी त्यांनी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. नवऱ्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि हरकत घेतली ती एकाच वाक्यावर. लेखात होतं की त्याने तिची सोन्याची पोत विकली. तो म्हणाला, “इकेल नव्हती वं, गहाण व्हती.”

यावरून दोघांत चांगलंच वाजलं. पोत सराफाकडून सुटून आली हे खरं, पण तोवर लग्नकार्यात मोकळ्या गळ्याने वावरल्याचं तिला आठवत होतं. तिच्या लेखी ती विकलेलीच. कथा असती तर सोयीचं ते ठेवता आलं असतं. इथे स्पर्धाच सत्य अनुभवाची. शेवटी त्यांनी दोन्ही लिहिलं: मला वाटायचं विकली, तो म्हणतो गहाण होती. माझ्या मते लेखातली सगळ्यात चांगली जागा तीच झाली, आणि ती त्या भांडणातून आली.

नियमांची पत्रिका नीट वाचा, हे मात्र सगळ्यांनाच सांगते. शब्दमर्यादा, लेख आधी कुठे छापलेला चालतो का, प्रवेशशुल्क किती, छापल्यावर हक्क कोणाकडे, टोपणनाव चालेल का. घाबरलेला माणूस हे वाचतच नाही. यांनीही वाचलं नव्हतं. टोपणनावाची मुभा होती. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि स्वतःच्याच नावाने पाठवला. फक्त गावाचं नाव गाळलं.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. लेख छापून आला, शाळेत फिरला, एक-दोन नातेवाइकांनी फोन करायचं सोडलं. मुलीचं लग्न अजून जमायचं आहे. एका ठिकाणी पत्रिकेत एकनाड आली, दुसऱ्या ठिकाणी मुलीनेच सुरतेला जायला नकार दिला.